भरलेला डबा

एकदा एक तरुण वृद्ध वैद्यांकडे राहून वैद्यक शिकत होता. त्याचे गाव बारा कोसांवर होते. आई रोज सकाळच्या एसटीने डबा पाठवी. संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत जाई. गावच्या फाट्यावर वडील तो उतरवून घेत.

काही महिन्यांनी नाडीपरीक्षेचे पाठ सुरू झाले. सोबत्यांच्या बोटांना हळूहळू नाडी कळू लागली. याला मात्र नुसते ठोके लागत, त्यांचा अर्थ कळेना. आता आपली घरी रवानगी होणार, या धास्तीने घास घशाखाली उतरेना. तो गुपचूप डबा गोठ्यातल्या गाईपुढे रिकामा करी आणि राखेने लख्ख घासून परत पाठवी.

"पोराची भूक वाढलीय म्हणून तुझे अण्णा खुशीत आहेत," कंडक्टर एकदा म्हणाला. "आजपासून एक भाकरी जास्त हं!"

असे तीन आठवडे गेले. एका संध्याकाळी तो गोठ्यात डबा उघडणार, तोच वैद्यांनी तो त्याच्या हातातून घेतला, तडक स्टँडवर नेला आणि तसाच भरलेला कंडक्टरकडे दिला. मागून धावत आलेला शिष्य पोहोचेपर्यंत गाडी सुटली होती.

"गुरुजी, हे काय केलंत!" तो ओरडला. "भरलेला डबा बघून आईला वाटेल, मी मेलोबिलो!"

वैद्य घरी परतले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने डबा आला नाही. वडीलच उतरले आणि वैद्यांच्या घरी आले. मुलगा समोर उभा दिसताच ते धावत पुढे आले. त्यांनी त्याचे दोन्ही खांदे धरले.

"अरे, हाडं लागतायत हाताला! काय झालं?"

"काही नाही, अण्णा."

"बापाला बनवतोस?"

तेव्हा त्याला रडू फुटले. "मला नाडी कळत नाही. गुरुजी घरी पाठवतील."

वडील म्हणाले, "आणि म्हणून उपाशी मरतोस? पाठवलं तर ये की! घर काय विकलंय आपण?"

दारात उभे असलेले वैद्य म्हणाले, "नाडी मलाही वर्षभर कळली नव्हती. तुला घरी पाठवण्याचं माझ्या मनातही नाही. पण तुझी घरची माणसं रोज तुला डब्यातूनच बघत होती. तू त्यांना खोटा मुलगा दाखवलास. खऱ्याची गरज त्यांना कळलीच नाही. त्या खोट्या मुलासाठीच ती भाकऱ्या वाढवत राहिली. मी फक्त तुझी खबर घरी धाडली."

 नाडी न कळण्याची लाज शिष्याला इतके दिवस छळत होती. पण घरच्यांचा तो आनंद आपण फसवून मिळवला, हे आज प्रथमच त्याच्या ध्यानात आले.

"तुम्ही जेवलात का, अण्णा?" त्याने हळूच विचारले.

"काल संध्याकाळपासून घरात चूल पेटलेली नाही," वडील म्हणाले.

तो आत गेला आणि त्याने दोघांपुरता भात चुलीवर ठेवला.

दूर शिकणाऱ्याने यशाची बातमी घरी जरूर द्यावी. पण घास उतरत नसेल, तर तेही कळू द्यावे.