दोरांच्या राज्यातली हाक

एका राज्यात कुणी कुणाला हाक मारीत नसे. गाय हवी असेल तर तिचा दोर ओढावा, कुत्रं हवं असेल तर साखळी ओढावी, आणि लेकरू हवं असेल तर त्याच्या कमरेची दोरी ओढावी. होय, लेकरांनाही बांधीत! बारशाच्या दिवशी आत्या आधी बाळाच्या कमरेला दोरी बांधायची, दुसरं टोक उंबऱ्याच्या कडीत अडकवायची आणि मग कानात नाव सांगायची. ते नाव घेऊन कुणी बोलावलं तर बाळ मोठं होऊनही यायचं नाही, हे तिला ठाऊक असायचं. बाजाराच्या दिवशी पोरांच्या दोऱ्या एकमेकींत अशा गुंतायच्या, की त्या सोडवायला राजाने पगारी माणसं ठेवली होती.

हसू नका. त्या राज्याला शाप होता.

राजाच्या पणजोबांना धूमकर्ण नावाच्या मांत्रिकाच्या सोन्याच्या वाडग्याची हाव सुटली होती. ते वाडगं ज्याच्या घरी असे, त्याच्या घरचं अन्न सरत नसे. पणजोबांनी मांत्रिकाला गोड बोलून जेवायला बोलावलं आणि त्याच्याच वाडग्यात विष घातलेली खीर वाढली. मरता मरता धूमकर्ण म्हणाला, “बोलावून घात केलास. आता तुझ्या राज्यात हाकेला कुणी ओ देणार नाही. जो सुटेल तो माझ्याकडे येईल.” त्याच घटकेला वाडगं काळं ठिक्कर पडलं आणि वेशीपलीकडे रातोरात एक रान उभं राहिलं.

त्या रानातून भर दुपारी हाका येत. कुणाच्या? ज्याने ऐकावी त्याच्याच माणसाच्या. आई गेलेल्याला आईची, नवरा गेलेलीला नवऱ्याची. बांधलेला असेल तो धडपडून राही. सुटा असेल तो चालू लागे आणि परत येत नसे. पण जाताना त्याची सावली घरातल्या भिंतीवरच राही. ती दिवसेंदिवस विटत जाई. सावली पुसली की माणूस संपलं, रानात फक्त त्याचा आवाज उरायचा. म्हणून त्या राज्यात गल्लोगल्ली अशा भिंती होत्या, ज्यांना कुणी चुना लावीत नसे.

तिथल्या राजाचं नाव सिंहकेतू. राणी निवर्तलेली, आणि शेवंती नावाची एकुलती एक मुलगी. तिची दोरी रेशमाची होती, जरीच्या गोंड्याची, पण दोरी ती दोरीच. राजा तापट होता. ती खेळात रमली की दोरी ओढी, सभेत बसवायची म्हणून ओढी, रागे भरायचं म्हणून ओढी. नुसतं जवळ बसवून डोक्यावरून हात फिरवायला त्याने ती कधी ओढली नाही. एके दुपारी त्याने दोरी ओढली तर हाती आलं कापलेलं टोक. शेवंतीने विळीवर दोरी चिरली होती आणि ती रानात गेली होती.

तिच्या दालनाच्या भिंतीवर तिची सावली उभी होती. वारा नसतानाही वेणी हलत होती.

राजाने शिपाई पाठवले, कमरेला जाड दोर बांधून. दोर ओढला तर गाठ जशीच्या तशी आणि आत शिपाई नाही. त्याने दुसऱ्यांदा पाठवले, तिसऱ्यांदा पाठवले. तिन्ही वेळा रिकामा दोर आला. चौथ्यांदा जायला कुणी तयार होईना, आणि खरं सांगायचं तर राजालाही पाठववेना.

तो सावलीसमोर डोकं धरून बसला, तेव्हा पिंजऱ्यातली शेवंतीची साळुंकी बोलली. म्हणाली, आधी मला सोड, मग सांगते. राजाने नाइलाजाने पिंजरा उघडला. ती उडाली, झुंबराभोवती फिरली आणि आपणहून त्याच्या खांद्यावर येऊन बसली.

“राजा, शाप घाताला आहे. जी हाक एकदाही घात करीत नाही, तिला शाप लागत नाही.”

“अशी हाक माझ्याजवळ नाही.”

“मग शीक. शेवंतीची कुत्री आहे ना, काजळी? तिला हाकेला यायला शिकव. ताटावरून उठून आली पाहिजे. सशामागून फिरून आली पाहिजे. आणि दुसरं कुणी गोड बोलावत असताना तुझ्याकडे आली पाहिजे. या तिन्ही गोष्टी झाल्या, की ती मुलीला घेऊन येईल. आणि काजळीला वाढायचं ते त्याच काळ्या वाडग्यातून.”

राजाने काजळीची साखळी काढली, अंगणाचे दरवाजे लावले आणि ओरडला, “काजळी, ये!” काजळीने कान खाजवला. राजा पुन्हा ओरडला, मग पुन्हा, मग घसा फुटेस्तोवर. काजळी तुळशीवृंदावनाच्या मागे जाऊन झोपली. साळुंकी वैतागली. दहादा बोलावलंस तर ती दहाव्या हाकेपर्यंत कशाला उठेल, असं तिने विचारलं. हाक एकदाच मारायची आणि तोंड मिटून वाट पाहायची.

मग राजाने अगदी जवळून सुरुवात केली. तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसायचं, नाव घ्यायचं, तिने पाहिलं की “ये” म्हणायचं, आली की वाडग्यातून भाजलेली कलेजी द्यायची आणि “जा, खेळ” म्हणून सोडून द्यायचं. मग चार हातांवरून, मग अंगणाच्या टोकावरून. एवढा मोठा राजा, मुकुट बाजूला ठेवून उकिडवा बसलेला, बोटं तेलकट! सरदार खांबांच्या आडोशाला उभे राहून हसत. राजाला ते कळत होतं, पण भिंतीवरच्या सावलीची बोटं आता दिसेनाशी झाली होती. त्याच्या मनात दुसरं काही उरलं नव्हतं.

एके सकाळी काजळी भरल्या ताटावर असताना त्याने हाक मारली, आणि ती घास टाकून आली. वाडग्याच्या काठावर सोन्याची बारीक रेघ उमटली. राजाला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की त्याने काय केलं? कोपऱ्यातला दोर घेतला आणि तिच्या गळ्यात बांधला! जीव लावला तो बांधायचा, पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. हातच तसे घडलेले. काठावरची रेघ तिथल्या तिथे विझली.

दुसऱ्या दिवशी काजळी हाकेवर जागची हलली नाही. “आता तुझी हाक म्हणजे दोर,” साळुंकी एवढंच म्हणाली. राजा अंगणात बसून रडला. त्याला कळलं, की शेवंतीच्या कानाला त्याची हाक अशीच लागत असणार. मग डोळे पुसून तो काजळीपासून दोन हातांवर जाऊन बसला आणि त्याने पहिल्यापासून सुरुवात केली.

ताटावरून ती पुन्हा येऊ लागली, तेव्हा तो तिला वेशीच्या माळावर नेऊ लागला. तिथे एकदा ससा उठला आणि काजळी त्याच्यामागे सुटली. राजाने हाक मारली. ती गेलीच. दुपार कलता कलता जीभ बाहेर काढून परतली, तेव्हा राजाचा संताप मस्तकात गेला होता, हातही उगारलेला होता. काजळी पोट जमिनीला टेकून थांबली. राजाने तो हात हळूच खाली आणला आणि तिच्या कानामागे ठेवला. “उशिरा आलीस, पण आलीस,” तो म्हणाला आणि त्याने वाडगं पुढे केलं. पुढे एके दिवशी भर धावेत ससा सोडून ती त्याच्याकडे वळली. वाडगं अर्ध्यापर्यंत पिवळं झालं.

भिंतीवर आता फक्त वेणी उरली होती.

त्याच दुपारी साळुंकीला खांद्यावर आणि वाडगं हातात घेऊन राजा काजळीसह रानाच्या कडेला गेला. ऊन मी म्हणत होतं, पण रानात झाडांच्या बुंध्यांशी ओल होती आणि एकाही झाडाची सावली पडत नव्हती. राजाने कापलेल्या दोरीचा गोंडा काजळीला हुंगवला आणि तिला जाऊ दिलं. ती आत शिरली, आणि पानही हललं नाही.

बऱ्याच वेळाने त्याने हाक मारली. “काजळी, ये.” आणि तोंड मिटलं.

रानाने ती हाक उचलली. एका झाडामागून त्याचाच आवाज आला, “काजळी, ये.” मग दुसऱ्या झाडामागून, मग उंचावरून, मग अगदी त्याच्या कानाशी. “काजळी, ये ये, खीर आहे. शेवंती, बाळे, ये गं.” त्याचाच आवाज, पण जन्मात त्याला साधला नव्हता इतका मायाळू. त्या आवाजावर तो स्वतःच दोन पावलं पुढे गेला. काजळी यालाच फसली तर? आपली हाक तिने ऐकलीच नसली तर? पुन्हा एकदा हाक मारावी म्हणून जीव तुटत होता. त्याने उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला आणि मातीत बसून राहिला.

पाचोळा वाजला. कान मागे पाडलेली काजळी बाहेर आली. तिच्या मानेच्या केसांत एक हात होता. हातामागे शेवंती होती, आणि तिच्यातून पलीकडचं झाड दिसत होतं. राजाची हाक एकच आली होती, बाकीच्या हाका थांबत नव्हत्या. काजळीला तेवढ्याने कळलं होतं.

शेवंती मात्र वेशीच्या दगडापाशी थांबली. राजाला वाटत होतं, झेप घालून तिला धरावं. त्याने तसं केलं नाही. वाडगं पुढे करून काजळीला खाऊ घातलं, तिला थोपटलं आणि म्हणाला, “जा, खेळ.” काजळी माळावर पळाली.

“तिला बांधलं नाहीत, बाबा?”

“नाही.”

“आणि मला?”

राजाने रेशमी दोरीचं टोक कमरेतून काढलं आणि रानात भिरकावलं. शेवंतीने दगड ओलांडला. राजाने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, डोक्यावरून हात फिरवला. तिच्या पायाशी सावली पडली, फिकट, पण पुरी.

साळुंकी खांद्यावरून म्हणाली, “अजून सोडलं नाहीस.”

राजाला कळलं, काजळीसारखं हिलाही रानाकडे मोकळं सोडून एकाच हाकेची वाट पाहायला हवी. त्याने हात काढून घेतले. “जा,” तो म्हणाला.

शेवंती वळली आणि रानाकडे चालू लागली. ती झाडांच्या आत गेली तशा साऱ्या हाका एकदम उठल्या. तिच्या आईच्या आवाजातल्याही होत्या. तिचं लुगडं दिसेनासं झालं. तेव्हा राजा एकदाच बोलला, “शेवंती, ये.”

मग तो थांबला. किती वेळ, ते मला विचारू नका. काजळीसुद्धा खेळ सोडून त्याच्या शेजारी येऊन बसली होती.

शेवंती आली. धावत आली, धाप लागलेली, आणि वाडग्यात उरलेला तुकडा उचलून तिने तोंडात टाकला. वाडगं बुडापर्यंत सोन्याचं झालं.

शाप तुटला. ज्यांच्या सावल्या भिंतींवर शिल्लक होत्या, ती माणसं संध्याकाळपर्यंत घरी आली. ज्यांच्या पुसल्या होत्या, त्यांच्या भिंतींना लोकांनी रडत रडत चुना लावला. कमरेच्या दोऱ्या सुटल्या. त्यांचे झोपाळे झाले, विहिरीचे दोर झाले. राजाने त्या वाडग्यात साधी खीर भरून वेशीच्या दगडावर ठेवली, “धूमकर्णा, जेवायला ये,” अशी एकच हाक मारली आणि मागे न पाहता घरी गेला. सकाळी वाडगं घासूनपुसून पालथं घातलेलं होतं. त्यानंतर रानातून हाक आली नाही.

शेवंती मात्र अजूनही दुपारी काजळीला घेऊन त्या रानात फिरायला जाते. राजा वेशीवर बसून असतो. तिला उशीर झाला की तो एक हाक मारतो आणि वाट पाहतो.