गेनू फटफटीवरून बायको आणायला जातो

एका गावात एक भोळा गडी होता. तसे गावात भोळे पुष्कळ होते, दर पाच वर्षांनी मतमोजणीत त्यांचा आकडा कळायचा. पण बाकीच्यांचं भोळेपण झाकलेलं होतं आणि याचं उघड्यावर होतं. नाव गेनू. सांगितलेलं काम तो सांगितलं तसं करायचा, एवढाच त्याचा दोष. बाकीचे सांगितलेलं काम करतच नाहीत, त्यांना लोक हुशार म्हणतात.

त्याची बायको अनुसया रुसून माहेरी गेली होती. कारण बारीकच होतं. शेताला जाताना ती म्हणाली, "लुगडी वाळत घाला." गेनूनं घातली. दुपारी वावटळ आली. एकेक लुगडं उडून ओढ्यापलीकडं जात होतं आणि गेनू ओसरीवर बसून बघत होता. काढा, असं कोणी म्हणालं नव्हतं. शेवटचं गेलं ते लग्नातलं होतं.

माहेराहून अनुसयेचा फोन आला.

"एसटीनं न्यायला आलात तर मी यायची नाही. माझ्या आज्यानं लग्नात दिलेली फटफटी तुम्ही कोंबड्यांना बसायला दिलीया. ती नीट करा आणि तिच्यावर बसून या. अक्षय तृतीयेच्या आत. नाहीतर इथल्या शाळंत खिचडी शिजवायची जागा निघालीया, ती मी धरते आणि हितंच राहते."

तिच्यावाचून घर खायला उठलं होतं. भाकरी रोज करपत होती, आणि करपली म्हणून ओरडणारंही कोणी नव्हतं.

फटफटी गोठ्यात होती. पन्नास-पंचावन्न वर्षांची. टाकीचा रंग उडालेला, सायलेन्सरला भोक, टायरला भेगा. हँडलवरच्या दोन कोंबड्या गेनूनं हाकलल्या, त्या फिरून येऊन बसल्या. त्यांचा ताबा जुना होता. शेवटी कोंबड्यांसकट गाडी ढकलत त्यानं बाबालाल मिस्त्रीच्या दारात नेली.

बाबालाल मिस्त्री गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "सासुरवाडी कुठं तुझी?"

"बार्शीकडं. सव्वादोनशे किलोमीटर."

"ह्या टायरवर तू सव्वादोन किलोमीटर जायचा नाहीस. दोन्ही बदलायचे. पुढचा नि मागचा येगळा असतो. तालुक्याला जा, माप घेऊन जा."

गेनूनं सुतळी घेतली, टायरभोवती गुंडाळली, गाठ मारली आणि हरवू नये म्हणून गळ्यात घातली. दुसऱ्या टायरची दुसरी. टायरच्या दुकानदारानं त्याच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "हे काय घातलंय?"

"हा पुढचा टायर. हा मागचा."

दुकानदार भला होता. म्हणजे आधी पोटभर हसला, मग भला झाला. म्हणाला, "दादा, सुतळीनं टायर मिळत नसतो. नवं घ्यायला जाताना जुनं सोबत न्यायचं. शेजारी शेजारी ठेवायचं. हुबेहूब जुळलं तरच घ्यायचं, नाहीतर घ्यायचं नाही. मग चूक होत नाही."

"आता कळलं," गेनू म्हणाला.

गेनूला कळलं की जवळपासच्यांनी जपून राहावं, पण दुकानदाराला ते ठाऊक नव्हतं.

गेनू रिकाम्या हातानं आला तेव्हा मिस्त्री म्हणाला, "ऱ्हाऊ दे. टायर मी मागवतो. तू तेवढं इंजिनाचं ऑइल आण. जुनं काढून ठेवलंय, त्यात काय दम नाही."

नवं घ्यायचं होतं, म्हणून गेनूनं जुनं सोबत घेतलं. चरवीभर. पहिल्या दुकानदारानं मधासारखं पिवळंधमक ऑइल पुढं केलं. गेनूनं चरवी शेजारी ठेवली आणि मान हलवली.

"जुळत नाही."

"अहो, तुमचं जळलेलं आहे."

"असू दे. आमचं असंच असतं."

पाच दुकानं फिरला. ऊन डोक्यावर आलं. शेवटी एका ट्रकच्या गॅरेजात, पिंपात साठवलेलं मिळालं. हुबेहूब. तसंच काळं, तसंच घाण, वासही तोच. गॅरेजवाल्यानं पैसे घेतले नाहीत, उलट डबा भरून दिला आणि लागलं तर उद्याही या म्हणाला.

मिस्त्रीनं डब्यात बोट बुडवलं, बोटाकडं पाहिलं, गेनूकडं पाहिलं.

"गेनबा, ऑइल काळं झालं की मेलं. काळं दिसलं की टाकून द्यायचं. इचारत बसायचं नाही."

"आता कळलं."

मिस्त्रीनं ऑइल स्वतः आणलं. दुसऱ्या दिवशी टायरही आले. मिस्त्रीला सकाळी दुसऱ्या गावाला जायचं होतं, म्हणून त्यानं ते गेनूच्या ओसरीवर ठेवून दिले. गेनू उठला, बघतो तर दोन टायर. काळे. साधे काळे नव्हेत, काळेकुट्ट.

त्यानं विचारलं नाही. विचारत बसायचं नाही, असं सांगितलं होतं. दोन्ही उचलले आणि उकिरड्यावर टाकून आला. येताना गोठ्यातल्या काळ्या म्हशीकडंही त्यानं बराच वेळ पाहिलं. पण ती जड होती.

संध्याकाळी मिस्त्री उकिरड्यात उतरला. त्यानं टायर काढून धुतले. नमाज चुकू न देणारा माणूस, शिवी देत नव्हता. पण ती तोंडात आलेली दिसत होती.

"आरं, टायर काळाच असतो. टायरचा रंग बघत न्हाईत, खाचा बघत्यात. ह्या बघ, कशा खोल हाईत. खाचा असल्या म्हंजी पकड. गुळगुळीत झालं की घसरून पडतंय माणूस. घाटात गुळगुळीत टायर म्हंजी मरणच."

"आता कळलं."

टायर चढले. ब्रेक, चेन, केबल, सगळं झालं. मिस्त्रीनं मागच्या सीटला नवं लाल रेक्झिन घातलं. अनुसया बसणार होती. गेनूनं सीटवरून हात फिरवला. लोण्यासारखी गुळगुळीत. सव्वादोनशे किलोमीटर, वाटेत घाट, आणि सीट गुळगुळीत. बायको घसरून पडली असती आणि मिस्त्रीला त्याचं काहीच नव्हतं.

त्यानं विळा आणला आणि सीटला खाचा पाडल्या. मन लावून पाडल्या. टायरकडं बघून, तशाच वाकड्या, तेवढ्याच खोल. आतला काथ्या बाहेर आला तेव्हा त्याचं समाधान झालं.

मिस्त्री खाली बसला.

"कुणी केलं, म्हणून इचारत न्हाई," तो म्हणाला. "गोधडी टाकतो वरनं. परवा अक्षय तृतीया हाय, उद्या पहाटं तू निघ. आता नीट ऐक. टाकी काठोकाठ भरलीया, जाऊन-येऊन पुरंल. पण इंजिन जुनं हाय, तापल्यावर बंद केलंस तर फिरून किक घ्यायची न्हाई. सासुरवाडीच्या दारात उभा ऱ्हा, पर बंद करू नकोस. नवा टायर हाय, मागं वळून बघू नकोस, नजर रस्त्यावर. मागं माणूस बसलं की गाडी दबतीया, तुला कळंल. दबली की निघ."

"आता कळलं," गेनू म्हणाला. आणि खरं सांगायचं तर या वेळी त्याला खरंच कळलं होतं. तिथंच घात झाला.

पहाटे गाव गोळा झालं. सतराव्या किकला फटफटी सुरू झाली, कोंबड्या उडाल्या, गेनू निघाला. सव्वादोनशे किलोमीटर तो बंद न करता, न वळता गेला आणि दुपारी सासऱ्याच्या दारात उभा राहिला. फटफटी अशी दणदणत होती की शेजारच्या भिंतीचा गिलावा पडला.

अनुसया आत होती. फटफटीचा आवाज ऐकून तिचा अर्धा राग गेला होता, उरलेला ती केस विंचरताना घालवत होती. बाहेर आली तिची आई, कोंडाबाई. देहानं भरभक्कम, तोंडानं त्याहून.

"जावईबापू, उतरा, जेवा."

गेनूला ऐकू आलं नाही. तो नाकासमोर बघत होता.

"ह्यो बघतोय कुठं," असं म्हणत कोंडाबाई मागं गेल्या. लेक कशावर बसणार ते बघायला त्यांनी गोधडी बाजूला सारली. खाली खाचा. बोट घालून बघितलं. हातानं दाबून बघितलं. मग आईचं मन, त्यांनी बसून बघितलं.

गाडी दबली. चांगलीच दबली.

"बसली," गेनू म्हणाला आणि निघाला.

कोंडाबाईंनी आरडाओरडा केला, पण वारा समोरून होता. गेनूचं बोलणं मागं पोचायचं, मागचं पुढं यायचं नाही. एका रेल्वे फाटकाला गाडी दणदणत थांबली तेव्हा त्यांनी उतरायचा प्रयत्न केला. पण लुगड्याचा काष्टा सीटच्या खाचेत अडकला होता. खाचा पकड घेतात, हे मिस्त्री काही खोटं बोलला नव्हता.

गेनू मात्र मन मोकळं करत होता. "अनुसये, माझं चुकलं. लुगडी काढायला पाहिजे होती. तू म्हणाली नव्हतीस तरी काढायला पाहिजे होती. तुझ्यावाचून घरात करमत नाही. म्हशीशी बोलतो, तर ती तोंड फिरवते."

मागून पाठीत दोन गुद्दे बसले. लग्न झाल्यापासून अनुसयेनं इतक्या मायेनं पाठीवर हात ठेवला नव्हता.

"तुझ्या आईवर पण माझा राग नाही. तोंड वाईट आहे बाईचं, पण आपल्याला काय करायचंय? ती कुठं आपल्या घरी येणार आहे?"

मग गुद्दे मोजायच्या पलीकडं गेले.

दिवेलागणीला फटफटी गावात शिरली. मिस्त्री हार घेऊन उभा होता. गेनूनं घर आल्यावर गाडी बंद केली, तेव्हा पहिल्यांदा मागं वळला. मिस्त्रीनं विळ्यानं काष्टा सोडवला. कोंडाबाई उतरल्या, त्यांनी मिस्त्रीच्या हातातला हार हिसकून जमिनीवर आपटला.

"मिस्त्री," गेनू म्हणाला, "ही अनुसया नाही."

"दिसतंय मला," मिस्त्री म्हणाला. "आता उद्याच्याला ह्यांना परत घेऊन जा. देवानं सगळ्यांना दोन डोळं दिल्यात गेनबा, जरा बघून आणावं. नीट बघून."

गेनू विचारात पडला. चूक कुठं झाली? आणि त्याला आठवलं. तो रिकामाच गेला होता. जुनं काही सोबत न नेता.

"आता कळलं," तो म्हणाला.

टाकी पुन्हा काठोकाठ भरली. अक्षय तृतीयेला पहाटे गेनू कोंडाबाईंना मागं बसवून निघाला. कोंडाबाई या खेपेला मुकाट होत्या. रात्री गेनूच्या घरी त्यांना झोप लागली नव्हती. दुपारी दारात उतरल्या त्या सरळ लेकीकडं गेल्या.

"पोरी, माणूस येडा हाय. माझ्या तोंडाला नावं ठिवली. पर सव्वादोनशे किलोमीटर तुझी माफी मागत गेला, एकदा त्याचं तोंड थांबलं न्हाई. असला नवरा शाण्या बायकांना मिळत न्हाई. खिचडी दुसरी कुणी शिजवील. तू जा."

अनुसयेनं डोळे पुसले. शाळेचा अर्ज फाडला. आईनं ओटी भरली. दोघी बाहेर आल्या. गेनूनं दिलेली हिरवी साडी, हातात पिशवी, अनुसया फटफटीपाशी आली आणि हसली. गावातल्या बायका दारादारांत उभ्या होत्या.

"थांब," गेनू म्हणाला.

फटफटी दणदणत ठेवून तो उतरला. त्यानं कोंडाबाईंचा हात धरून त्यांना लेकीच्या शेजारी उभं केलं. दोघींकडं पाहिलं. पुन्हा पाहिलं. एक पांढऱ्या केसांची, एक काळ्या. एक हत्तीसारखी, एक काडीसारखी. पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं. गडबड करून चालणार नव्हतं, सगळ्या जन्माचा प्रश्न होता.

मग तो गाडीवर बसला आणि निघाला.

दिवेलागणीला फटफटी गावात शिरली. मिस्त्री या वेळी हाराशिवाय उभा होता. मागची सीट रिकामी. नुसत्या खाचा.

"आरं, अनुसया कुठाय?"

"नाही आणली."

"यायला न्हाई म्हणली?"

"ती तयार होती. पिशवी घेऊन उभी होती." गेनूनं गाडी बंद केली आणि कपाळाचा घाम पुसला. "पण मी फसलो नाही मिस्त्री. जुनी शेजारी ठेवून बघितली. अजिबात जुळत नव्हती. आता उद्यापासून आणखी चार घरं फिरावी लागतील."