पडद्याआडचे सरकार

गडाचे किल्लेदार हैबतराव वारले, पण कारभारी विसाजीपंतांनी गादी मोकळी होऊ दिली नाही. गादीपुढे काळा पडदा सोडून त्यांनी सांगितलं, "सरकार गेले, तरी आत बसतात. त्यांचं बोलणं फक्त मला ऐकू येतं." मग रोज तिन्हीसांजेला सारा गड त्या पडद्याला मुजरा करू लागला.

म्हातारी चिमाई दाई मात्र ताठ उभी राही. हैबतरावांना तिनंच अंगाखांद्यावर खेळवलं होतं, आणि त्यांची चिता विझेपर्यंत ती तिथून हलली नव्हती. ती पडद्याला कशी वाकणार?

एका संध्याकाळी पंतांनी पडद्याला कान लावला. "चिमाई, सरकार म्हणतात, तुला कड्यावरून लोटून द्या."

शिपाई पुढे सरले. चिमाईचा आवाज कापला नाही.

"ऐकलं मी, पंत. माझ्या मांडीवर वाढलेला हैबती, मला कसा ऐकू येणार नाही? पण पुढचं तुम्ही ऐकलं नाहीत. तो म्हणाला, आत फार एकटं वाटतं, आधी पंतांना पाठव."

"खोटं बोलतेस."

"मग आत जाऊन विचारून या."

सगळे पंतांकडे बघत राहिले. पंतांनी पडद्याचं टोक धरलं. वारा पडलेला होता, तरी पडदा आतून हलला. पंत मागं सरले, ते थेट गडाच्या दरवाज्यापर्यंत.

त्या दिवसापासून मुजरे थांबले. पडदा कशानं हलला, हे मात्र चिमाईलाही कधी कळलं नाही.