केरबाच्या ध्यानात सगळं राहतं

एका गावात एक भोळा मांडववाला होता. मांडव चुलत्याचा होता, भोळेपणा तेवढा त्याचा स्वतःचा. नाव केरबा.

चुलत्याचं नाव दौलूआबा. पूर्वी आबांकडे चार बांबू, दोन सतरंज्या आणि एक कर्णा होता, आणि तेवढ्यावर गावातली सगळी लग्नं लागत. पण गाव सुधारलं. लोकांना बारशाला फुग्यांची कमान लागू लागली, वाढदिवसाला थीम लागू लागली, साखरपुड्याला हिरवळ आणि हिरवळीवर पांढरे सोफे लागू लागले. मग आबांनी रस्त्याकडेच्या तुकड्यात गवत लावलं, भोवती भिंत घातली, जाळीचं लोखंडी फाटक बसवलं आणि वर पाटी लावली, ‘दौलत लॉन्स’. एकाच तुकड्याला ‘लॉन्स’ का म्हणायचं, हे कुणी विचारलं नाही.

तुळशीची लग्नं उरकल्यावर केरबाचं लग्न झालं. बायकोचं नाव सुलू. ती बोलायची कमी, बघायची जास्त. पहिल्या आठवड्यातच तिनं बघून ठेवलं की नवरा देखणा आहे, कष्टाळू आहे आणि त्याला सांगितलेलं तो कधीच विसरत नाही. शेवटची गोष्ट हा गुण आहे, असं तिला तेव्हा वाटलं.

लग्नानंतर पहिलं काम आलं ते सुतारांच्या नातवाच्या बारशाचं. आबा म्हणाले, “केरबा, बाजारातनं फुलं घेऊन ये. वाटेत एक फूल सांडता कामा नये.”

केरबानं फुलं पोत्यात भरली. पोत्यावर पोतं रचलं. वरून मांडवाचा दोर आवळला. तरी एखादं सांडलंच तर, म्हणून स्वतः वर बसला. वाटेत एक फूल सांडलं नाही. पोती उघडली तेव्हा आत झेंडूची चटणी होती.

आबांनी कपाळावर हात मारला. “आरं लेका, फुलं अशी आणत्यात व्हय? वरनं पाणी शिंपडायचं. ओल्या पोत्यात गुंडाळायचं. म्हंजे टवटवीत राहत्यात.”

“चुकलंच आबा,” केरबा म्हणाला. “आता ध्यानात ठेवतो.”

आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांच्या मुलीचा वाढदिवस आला. थीम समुद्राची. निळे फुगे, निळे पडदे, थर्माकोलचे शंख. केक तीन मजली, वर साखरेचा मासा. केक आणायला केरबा गेला. भर दुपारचं ऊन होतं. केक कोमेजेल, अशी त्याला काळजी वाटली. त्यानं झारीनं वरून चांगलं पाणी शिंपडलं आणि तीनही मजले ओल्या पोत्यात गुंडाळले.

थीम समुद्राची होती आणि केकही समुद्रासारखाच आला.

“माझा मासा कुठंय?” डॉक्टरांची मुलगी रडायला लागली.

“आहे की बाळा,” केरबा म्हणाला. “तळाला गेलाय.”

आबांचा आवाज फुग्यांच्या कमानीपलीकडं ऐकू गेला. “आरं, केक असा आणतात का? मांडीवर घेऊन बसायचं! दोन्ही हातांनी घट्ट धरायचं! हलू द्यायचं नाही!”

“चुकलंच आबा. आता ध्यानात ठेवतो.”

सुलू भिंतीशी उभी राहून शंख गोळा करत होती. पुढचं आमंत्रण कशाचं आहे, हे तिला माहीत होतं. केकचं नव्हतं.

ते होतं कुंभार गुरुजींच्या निरोप समारंभाचं. गुरुजी अंगानं भरलेले, स्वभावानं कडक. आबांनी केरबाला टेम्पो आणि ड्रायव्हर दिला आणि सांगितलं, “गुरुजींना घरनं जपून घेऊन ये.”

सगळी शाळा फाटकाशी रांग धरून उभी होती. टेम्पो आला. हौद्यात केरबा मांडी घालून बसला होता. मांडीवर गुरुजी होते. केरबानं त्यांना दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

“सोड मला, केरबा!”

“हलायचं नाही, गुरुजी. आलंच आता.”

ज्या पोराला गुरुजींनी सातवीत वर्षभर बाकावर उभं केलं होतं, त्याच्या मांडीवर बसून ते निवृत्त झाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

आबांनी केरबाला मांडवाच्या मागं नेलं. “आरं, पाहुण्याला मांडीवर घ्यायचं असतं? फाटकातनं जो कुणी येईल त्याला हार घालायचा. हातात नारळ द्यायचा. मानानं पुढं न्यायचं आणि सोफ्यावर बसवायचं!”

“जो कुणी येईल त्याला?”

“जो कुणी येईल त्याला!”

“चुकलंच आबा. आता ध्यानात ठेवतो.”

मग दूध संस्थेच्या चेअरमनच्या मुलीचा साखरपुडा आला. हा आबांचा सगळ्यात मोठा कार्यक्रम. झाडाझाडांतून दिव्यांच्या माळा, प्रत्येक टेबलावर काचेच्या भांड्यात तरंगती फुलं, सोफ्यांना सॅटिनच्या गाठी. केरबाला फाटकावर उभं केलं होतं. काम त्यानं फार छान केलं. मामा आले, हार घातला. आत्या आल्या, नारळ दिला. मग गल्लीतल्या गुलाबचाचांचा बोकड आला.

बोकड काळा होता, दाढीवाला होता आणि सावकाश चालत होता. तो बोकड आहे, हे केरबाला चांगलं कळत होतं. पण तो फाटकातून आला होता.

व्याही मंडळी पेढे खात बसली होती. त्यांच्या सोफ्यावर, मधोमध, केरबानं बोकडाला बसवलं. गळ्यात हार होता. नारळ त्याला हातात धरता येईना, म्हणून मांडीशी टेकवून ठेवला. बोकडानं आपला हार खाल्ला. मग व्याह्यांचा खाल्ला. मग टेबलावरची तरंगती फुलं खाल्ली आणि वर त्यातलं पाणी प्यायला.

“हे तुमच्याकडचे कोण?” व्याह्यांनी चेअरमनना विचारलं. साखरपुडा झाला, पण थोडक्यात झाला.

या खेपेला आबा ओरडायलासुद्धा थकले होते. “केरबा,” ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, “फाटकातनं नको ते आत घुसलं, तर दोन्ही हात पसरून हुर्र करायचं. बाहेर घालवायचं. कडी लावायची. बास.”

“चुकलंच आबा. आता ध्यानात ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी आबांनी सुलूला बोलावलं. “सूनबाई, माझी हद्द झाली. ही तुझी पहिली संक्रांत. तुझं हळदीकुंकू आपल्याच लॉनवर झोकात करू. सगळं गाव येईल, तुझं माहेर येईल. त्या दिवशी सगळं नीट पार पडलं, तर केरबा इथं राहील. नाही पडलं, तर तुझ्या दादाशी माझं बोलणं झालंय. त्याच्या पोल्ट्रीवर माणूस पाहिजे. त्याच संध्याकाळी त्याच्या टेम्पोतनं दोघंही जावा.”

सुलू मान खाली घालून उभी राहिली. लग्नाचा हिरवा चुडा अजून हातात होता आणि नवऱ्याला घेऊन माहेरी राहायला जायचं! वहिनी रोज चहाबरोबर टोमणा देणार. आणि पोल्ट्रीवर दादा केरबाला सांगणार, “एक अंडं सांडता कामा नये.” मग केरबा सगळी अंडी पोत्यात भरणार, दोर आवळणार आणि वर बसणार. तिला ते डोळ्यांसमोर दिसलं.

तिनं चार दिवस विचार केला. नवऱ्याला लक्षात ठेवायला शिकवायची गरजच नव्हती, आणि विसरायला शिकवणं शक्य नव्हतं. मग एकच वाट होती. कुठंही लावलं तरी बिघडणार नाही, असं काहीतरी त्याला सांगायचं.

“अहो,” ती म्हणाली, “उद्या तुम्ही काहीही करायचं नाही. माझ्या शेजारी उभं राहायचं आणि हसायचं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“फुलं आली तर?”

“हसायचं.”

“केक आला तर?”

“केक येणार नाही.”

“बरं. ध्यानात ठेवतो.”

संक्रांतीला लॉन असं सजलं होतं की आबा स्वतःच दोनदा बाहेर जाऊन पुन्हा आत आले. काळ्या-पांढऱ्या पतंगांची कमान, रांगोळीत तिळगुळाच्या वाट्या, मधे झोपाळा, झोपाळ्याला पांढरी शेवंती. झोपाळ्यावर सुलू. काळी चंद्रकळा आणि अंगभर हलव्याचे दागिने. डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, दंडावर बाजूबंद, कमरेला पट्टा. साखरेचा एकेक दाणा काट्यांसकट चमकत होता. शेजारी केरबा, नवा सदरा घालून, हसत.

“जावईबापू किती शांत झाले गं,” सुलूची आई म्हणाली. दादानं टेम्पो फाटकाबाहेर लावला होता, तो जरा हिरमुसला. आबांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला. सुलूनं तिसऱ्या बाईला कुंकू लावलं आणि पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात फाटकातून गुलाबचाचांचा बोकड आला.

एकदा मान मिळाल्यावर तो कुणाला विचारायला थांबला नाही. सरळ पुढं आला. सोफ्याकडं बघितलं, झोपाळ्याकडं बघितलं, नाक उडवलं आणि सुलूच्या कंबरपट्ट्याला तोंड लावलं.

“अहो,” सुलू ओठ न हलवता म्हणाली.

“हं?” केरबा हसत म्हणाला.

“बोकड.”

“हो. आपल्या गल्लीतलाच.”

“तो माझा पट्टा खातोय.”

“हो,” केरबा आणखी हसला.

“वहिनी, जरा इकडं बघा, छान येतंय!” हळदीकुंकवाचे फोटो काढायला बोलावलेला फोटोवाला भिंतीवर चढून सुलूला म्हणाला. बायकांना वाटलं, ही पण थीमच असेल. बोकडानं पट्टा संपवला आणि बाजूबंद घेतला.

“अहो, असं बघत काय राहिलात?”

“तूच म्हणालीस, काही करायचं नाही.”

बाजूबंद गेला. बोकडाची दाढी हाराला लागली. सुलूचा तोल सुटला आणि तिच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं.

“अहो, आबांनी इतकं शिकवलंय, ते कधी करणार मग?”

केरबाचा चेहरा उजळला. इतके दिवस कुणी असं विचारलंच नव्हतं.

त्यानं झारी उचलली आणि सुलूवर पाणी शिंपडलं. मुकुट विरघळून कानांवर आला. हार विरघळून पोटावर आला. त्यानं ओलं पोतं आणून तिला गुंडाळलं. मग झोपाळ्याचा शेवंतीचा हार काढून बोकडाच्या गळ्यात घातला, पुढ्यात नारळ ठेवला आणि त्याला मानानं सोफ्यावर नेऊन बसवलं.

“केरबा! आरं केरबा!” आबा धोतर सावरत धावत आले. मागून सुलूची आई, दादा आणि हातात हळदीकुंकवाचे करंडे घेतलेल्या सगळ्या बायका आरडाओरड करत आल्या. केरबानं बघितलं. नको ते आत घुसलं होतं.

त्यानं दोन्ही हात पसरले. “हुर्रर्र! हुर्र! चला! चला बाहेर!”

आबा गेले. दादा गेला. सासूबाई गेल्या. करंडे गेले, बायका गेल्या, आणि केरबानं फाटकाची कडी लावली. मग परत येऊन त्यानं बोटं मोजली. पाणी झालं. पोतं झालं. हार झाला. नारळ झाला. कडी झाली.

“मांडी राहिली,” तो म्हणाला.

सगळं गाव जाळीला नाक लावून बघत असताना केरबा झोपाळ्यावर मांडी घालून बसला, ओल्या पोत्यातली बायको त्यानं मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. भिंतीवरून फोटोवाल्यानं फोटो काढला.

“केरबा, कडी काढ!” आबा फाटक हलवत ओरडले. “माझा निर्णय झालाय! आत येऊन सांगतो!”

“कडी लावायची एवढंच सांगितलं होतं, आबा. काढायचं नव्हतं सांगितलं.”

“सुले, सांग त्यांना!” आई ओरडली. “टेम्पो उभा आहे!”

सुलूनं पोत्यातून मान बाहेर काढली. कानावरून साखरेचं पाणी ओघळत होतं. सोफ्यावर बोकड डोळे मिटून रवंथ करत होता. फाटकाबाहेर पोल्ट्री होती, वहिनी होती, आबांचा निर्णय होता. आत केरबा होता, आणि आपण एकही गोष्ट विसरलो नाही, या आनंदात तो तिच्याकडं बघत होता.

“सुलू, काही चुकलं का?”

तिनं ओठावरची साखर चाटली.

“नाही,” ती म्हणाली. “पण आता मला सोडायचं नाही. आणि हलायचं नाही.”

“ध्यानात ठेवतो,” केरबा म्हणाला.

दिवस मावळायच्या आत दादाचा टेम्पो रिकामाच परत गेला. केरबाला हल म्हणून आतलं कुणी सांगत नव्हतं, आणि बाहेरून जे सांगत होते, त्यांना तर त्यानं हुर्र करून घालवलेलं होतं.