फुकटची शेपटी

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. म्हणजे मी ऐकली तेव्हा जरा वेगळी होती.

फार पूर्वी, रानात इंटरनेट नवं होतं तेव्हा, गोदा सुगरणीने घरटी विणायला शिकवणारी वेबसाइट काढली. घरट्यासाठी ती प्रत्येक फांदीला लोंबकळून बघायची. पण साइटच्या नावामागे डॉट कॉमची शेपटी लावायची की दुसरी कुठली, याचा तिने विचारच केला नाही.

रानात साइटची नावं वाटणारे सरडेराव मान डोलवत म्हणाले, "ताई, आमचं डॉट रान लावा की! फुकट आहे."

"फुकट? मग द्याच!"

साइट धो धो चालली. जाहिरातींच्या पैशांतून पिलांचे दाणे येऊ लागले. एका सकाळी तिने साइट उघडली आणि तिची चोच उघडीच राहिली. विणीचे धडे गायब! नुसती सापाची जाहिरात: 'अंडी घरी येऊन उचलू.'

"अहो सरडेराव, हे काय?"

"कुणी फिरकत नव्हतं तोवर नाव तुमचं, ताई. आता गर्दी झाली, म्हणून परत घेतलं."

गोदाच्या मागे पिलं दाण्यांसाठी ओरडत होती. ते ऐकून सरडेरावांना लाज वाटली आणि त्यांनी नाव परत दिलं.

सगळं खरं आहे. फक्त ती लाज मी पदरची घातली.