पडद्याकडे पाठ

एकदा एका तरुणाने समुद्रातल्या किल्ल्यावर आधारलेला एक व्हिडिओ गेम रचला आणि तो रचता रचता स्वतःच त्या किल्ल्याच्या प्रेमात पडला. त्याचे नाव निनाद. दुसऱ्या दिवशी हा गेम पुण्यातल्या मोठ्या प्रदर्शनात मांडायचा होता. मागच्या प्रदर्शनात लोकांनी त्याचा आधीचा गेम सुरू केला आणि सुरुवातीच्या दृश्यातच कंट्रोलर खाली ठेवून ते शेजारच्या टेबलाकडे गेले, ही सल त्याच्या मनातून जात नव्हती. म्हणून या वेळी त्याने सुरुवातीचे दृश्य जीव ओतून सजवले आणि ते दाखवायला तो आपल्या गुरूंकडे, रेगे सरांकडे गेला. सरांनी उभी हयात बालनाट्ये बसवण्यात घालवली होती.

सरांनी आपल्या नातीच्या, सानिकाच्या, हाती कंट्रोलर दिला. मग खुर्ची उचलून ते तिच्यासमोर, पडद्याकडे चक्क पाठ करून बसले.

"सर, दृश्य इकडे आहे," निनाद म्हणाला.

"असू दे. तू सुरू कर."

निनादचा चेहराच उतरला. पडद्यावर निवेदनाबरोबर किल्ला बांधणारे राजघराणे आले, त्याला मिळालेला शाप आला, समुद्रदेवतेचा कोप आला. मग दीपस्तंभाच्या पायऱ्यांवर दिवा घेऊन उभी असलेली मुलगी दिसली. वाऱ्याने दिवा विझला आणि खाली काळोखात तिच्या भावाच्या होडीतून शंख वाजला. त्यानंतर एका ऋषींनी भविष्य सांगितले, तेही अगदी सविस्तर.

"छान आहे, दादा," सानिका म्हणाली.

"ही छान म्हणणारच," सर हसले. "माझ्या पडलेल्या नाटकांनाही छानच म्हणायची. म्हणून मी विंगेत उभा राहून रंगमंच कधी बघितला नाही, समोर बसलेली पोरं बघितली. कंटाळलेलं पोर बोलत नाही, त्याचे पाय हलायला लागतात. आज मी हिचे अंगठे बघत होतो. राजघराणं आलं तेव्हा अंगठा दृश्य वगळायच्या बटणावर जाऊन बसला. तुझ्या भिडेखातर दाबला नाही, एवढंच. पण शंख वाजला आणि तोच अंगठा झटकन मुलीला चालवायच्या दांडीवर गेला. हिने ती पुढे रेटली, पुन्हा रेटली. गेममधली तुझी मुलगी हलली नाही, कारण तुझे ऋषी यायचे होते."

सानिका ओशाळली. "मला तिला दिवा लावायला वर न्यायचं होतं, आजोबा. भाऊ बुडेल ना तिचा."

"ऐकलंस? प्रेक्षकाचं मन ज्या क्षणी धावू लागतं, तिथे आपण वाट सोडायची असते. तू ते मन हाताला धरून खाली बसवलंस."

"पण सर, इतिहास कळल्याशिवाय शाप कसा कळणार?"

"जिन्याच्या भिंतींवर कोर. चढताना दिसेल. ज्याला ओढ लागेल तो थांबून वाचेल."

निनाद पुढे सरकला. जे तो शोधत होता ते त्याच्याच दृश्यात दडलेले होते! त्याने तिथेच लॅपटॉप उघडला. राजघराण्यावर कात्री चालवताना जीव कळवळला खरा, पण हात थांबेनात. ऋषी गेले, शाप भिंतीवर गेला, समोर ठेवलेला चहा निवून गेला. आता दिवा, वारा, शंख आणि लगेच पायऱ्या.

सानिकाने पुन्हा कंट्रोलर घेतला. सर पुन्हा पाठ करून बसले. शंख वाजला, अंगठा पुढे झेपावला आणि पडद्यावरची मुलगी धावत सुटली.

"आता कसं वाटतंय?" निनादने अधीरपणे विचारले.

सानिकाचा अंगठा दांडीवरून हलला नाही. तिने प्रश्न ऐकलाच नव्हता. निनादला त्याचे उत्तर मिळाले आणि तो मनापासून हसला. मग सरांनीही आपली खुर्ची पडद्याकडे वळवून घेतली.