आबांच्या वाट्याला दुधी

डोंगरापलीकडच्या एका गावात एक मुलगी पुष्कळ वर्षं दूर शहरात शिकून परत आली. तिचं नाव केतकी. गावात सगळ्यांनी मिळून चालवलेलं एक भाजीघर होतं. शहरात असताना केतकी त्याच्याबद्दल मैत्रिणींना मोठ्या अभिमानानं सांगायची, आणि सांगता सांगता ते भाजीघर तिच्या मनात वाढत गेलं होतं. पांढऱ्याशुभ्र भिंती, रंगीबेरंगी भाज्यांच्या रांगा, आणि प्रत्येक घर आपल्याला लागेल तेवढं हसतमुखानं निवडून नेत असेल, असं तिला वाटायचं.

प्रत्यक्षात ती एक कौलारू पडवी निघाली. सारवलेल्या जमिनीवर टोपल्या मांडलेल्या, आणि प्रत्येक टोपली जुन्या धोतराच्या फडक्यानं झाकलेली. वांगी वाकडी होती. पालकाला भोकं पडली होती. आणि निवडत तर कुणीच काही नव्हतं. लोक रांगेनं आत जायचे, जवळची टोपली उचलायचे आणि न बघताच बाहेर यायचे.

भाजीघराची रीत साधी होती. ज्यांना जमीन होती ते फवारणी न करता भाजी पिकवायचे आणि आठवड्यातून एकदा पहाटे आणून एकाच ढिगात ओतायचे. ढिगात गेलं की कुणाचं काय ते कळायचं नाही. ज्यांना जमीन नव्हती ते मेहनत द्यायचे. केतकीच्या दादाकडे जमीन नव्हती, बैलगाडी होती. तो सगळ्यांच्या वाफ्यांवर शेणखत पोचवायचा आणि त्या बदल्यात त्याच्या घराला इतरांसारखीच एक टोपली मिळायची. शहरात असली भाजी केतकीनं काचेच्या दुकानात फक्त पाहिली होती. इथे ती तिच्या भाचरांच्या ताटात पडत होती.

ढिगातून टोपल्या भरायचं काम दर आठवड्याला नवं घर करायचं. आणि जे घर भरायचं, त्यानं आपली टोपली सगळ्यात शेवटी उचलायची.

केतकीला प्रश्न फार पडायचे. पहिल्याच दिवशी तिनं शेजारच्या हौसाक्काला विचारलं, "अक्का, टोपल्या झाकता कशाला?"

"नाही झाकल्या तर दिसतात," हौसाक्का म्हणाली.

"मग दिसल्या तर काय बिघडलं?"

"तुझं शिक्षण झालंय ना पुरं? मग बघ शोधून," असं म्हणून हौसाक्का मागच्या ओट्यावर जाऊन बसली. तिथे बाकीचेही टोपल्या मांडीशी घेऊन बसायचे. केतकीला वाटायचं, बसलेत गप्पा मारत. तिला मात्र बसायला वेळ नव्हता. वहिनी बाळंतीण होती, आतल्या खोलीत बाळाला घेऊन पडून असायची. घरी दोन मुलं भुकेली असायची. केतकी टोपली कडेवर घ्यायची आणि तडक घर गाठायची.

घरी फडकं काढलं की दर वेळी नवी पंचाईत. एकदा टोपलीत मुळेच मुळे निघाले. पुढच्या वेळी कारली.

"आत्या, आज पण मुळा?" धाकटा भाचा विचारायचा.

"मुळा चांगला असतो."

"मग तूच खा की."

मोठी भाची भाकरी मिठाशी खाऊन उठायची. ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. केतकीला ते बघवेना. ही कसली रीत, तिच्या मनात यायचं. लहान मुलांच्या घरी कारली जातात आणि आबांसारख्या दात नसलेल्या म्हाताऱ्याच्या टोपलीत काय जात असेल देव जाणे. आबा तिच्या आळीच्या टोकाला एकटेच राहायचे. डोळे मिटून वाटलं की असंच होणार. कुणाला काय हवंय ते बघून वाटायला नको का?

मग केतकीच्या घराची पाळी आली.

त्या पहाटे ढिगात यंदाची पहिली गाजरं होती. लाल, मातीनं माखलेली, वासावरूनच गोड कळणारी. पण फार थोडी. केतकी त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि तिला एकदम सुचलं. तिनं फडकी बाजूला सारली. खडू घेतला आणि जमिनीवर प्रत्येक टोपलीपुढे एकेका घराचं नाव लिहिलं. मग एकेक घर आठवून ती टोपल्या भरू लागली. हौसाक्काची पोरं अंगमेहनतीची, तिला भरगच्च टोपली, बटाटे, भोपळा, मुळे. आबांना दात नाहीत, त्यांना कोवळा दुधी. ज्या घरात मुलं आहेत तिथे गाजरं. तिच्या घरातही मुलं होती, म्हणून तिथेही गाजरं, आणि बाळंतिणीसाठी मेथीची मोठी जुडी. भरून झाल्यावर तिनं सगळीकडे नजर फिरवली. तिला इतका आनंद झाला की लोक यायच्या आधीच ती दारात जाऊन उभी राहिली.

लोक आले आणि दारातच थबकले.

"हे काय गं?" हौसाक्कानं विचारलं.

"ज्याला जे हवं ते, अक्का. तुमची ती बघा, मोठी."

हौसाक्कानं आपल्या टोपलीकडे बघितलं. मग जमिनीवरच्या नावाकडे. "आता घरी येऊन घास पण भरवणार का?" ती म्हणाली. एकदोघं हसली, पण हसू लगेच विरलं.

जो तो आपलं नाव शोधू लागला. आपलं सापडलं की नजर हळूच शेजारच्या टोपलीवर जायची. आजवर तिथे कुणी असं बघितलं नव्हतं.

"तुमची गाजरं छान आहेत," एक बाई केतकीला म्हणाली.

"घरात मुलं आहेत ना."

"हो ना. मुलं आहेत," ती बाई म्हणाली आणि आपली टोपली उचलून निघाली.

शेवटी आबा आले. त्यांना नीट दिसायचं नाही. त्यांनी वाकून विचारलं, "माझं नाव कुठलं, पोरी?"

"हे इथलं, आबा. तुम्हाला चावायला सोपं जाईल असं ठेवलंय."

आबांनी दुधी हातात घेतला, चाचपला, परत ठेवला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "दात नाहीत माझे. सगळ्यांनी वाचलंच असेल आता." टोपली तिथेच ठेवून ते काठी टेकत निघून गेले.

केतकी त्यांच्यामागे मागच्या दारापर्यंत गेली. ओट्यावर कुणीच नव्हतं. सगळे आपापल्या घरी गेले होते. असा रिकामा ओटा तिनं पहिल्यांदाच पाहिला, आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की हे लोक एरवी इथे बसून करतात तरी काय?

घरी मात्र आनंदी आनंद होता. मुलांनी गाजरं धुवायच्या आतच कुरतडायला सुरुवात केली. भाची पोटभर जेवली. वहिनीनं आतून हाक मारली.

"वन्सं, आली म्हणायची गाजरं. आबांनी दिली ना?"

"आबा कशी देतील? मी टोपलीत घातली."

"टोपलीत कुणाच्याही जाऊ देत. ओट्यावर जो तो ती आबांच्याच मांडीवर आणून ठेवतो. गावात गाजर लावतात कोण? एकटे आबाच. त्यांना स्वतःला खाता येत नाहीत, पण ओट्यावर बसून एकेका घराला देतात. आमची पोरगी तर गावभरच्या खबरा त्यांना नाचून सांगते आणि दरवर्षी दोन जास्तीची काढते. आणि आबा बदल्यात मागतात काय, तर पावट्याच्या शेंगा."

"शेंगा? त्यांना तर चावत नाहीत."

"खायला कुठे? सोलायला. एकटा माणूस, दिवस मोठा. सोलून दाणे बाळंतिणीच्या, आजाऱ्याच्या घरी पाठवून देतात. मी वाटच बघत होते, यंदा अजून दाणे आले कसे नाहीत." वहिनीनं बाळाचं दुपटं सारखं केलं. "पण हे सगळं तुम्ही बघितलंच असेल की. ओट्यावर टोपल्या उघडून अदलाबदल होते तेव्हा तुम्ही असताच ना?"

केतकीनं नकारार्थी मान हलवली. "मी थांबतच नाही. घाईनं घरी येते."

वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. "अगं बाई. म्हणजे ते मुळे आणि कारली... मला वाटलं, यंदा काही पिकलंच नाही."

मग केतकीनं सगळं सांगितलं. खडू, नावं, हौसाक्काची मोठी टोपली. हौसाक्काचं नाव निघताच वहिनीनं कपाळाला हात लावला.

"तिची तिन्ही पोरं ऊसतोडीला गेलीत. दोघीच आहेत सासूसुना. त्या भोपळ्याचं काय करतील? वन्सं, तुम्ही गाव सोडून गेलात ना, तेव्हाच्या घरांना वाटलीत तुम्ही भाजी."

संध्याकाळी दादा गाडी सोडून आला तो तोंड पाडूनच. "आबा म्हणतायत, इथून पुढे भाजीघरात काही आणणार नाही. वाफ्यातलं तालुक्याच्या व्यापाऱ्याला घालतो म्हणतात. त्यांचं बघून आणखी दोघं तेच बोलायला लागलेत."

"मग?"

"मग काय. एकेक जण गेला तर ढिगात पडणार काय? आणि मी खत कुणाला वाहू? बाजारातली फवारलेली भाजी घ्यायची म्हटली तरी आपल्याला रोज परवडायची नाही." दादानं बहिणीकडे बघितलं. तो रागावला नव्हता, म्हणून तिला जास्तच लागलं. "उद्या जाऊन माफी माग. गाजरं परत कर."

"मुलांनी खाल्ली."

"मग दुसरं काहीतरी घेऊन जा."

सकाळी केतकी लवकर उठली. परसात पावट्याचा एक वेल होता. तिनं टोपलीभर शेंगा तोडल्या. आबांना सोलायला होतील. माफी कशी मागायची याची वाक्यंही तिनं मनात जुळवून ठेवली होती. अंगण ओलांडून ती फाटकापाशी आली आणि थांबली. टोपलीकडे बघत उभी राहिली.

आबांना आज शेंगाच हव्यात, हे तिला कुणी सांगितलं होतं? वहिनीनं. काल तिनं स्वतःच ठरवलं, आज वहिनीचं ऐकून ठरवत होती. आबांना मात्र अजून कुणी विचारलंच नव्हतं.

तिनं टोपली तिथेच ठेवली आणि रिकाम्या हातांनी आबांच्या दारात गेली.

आबा पायरीवर उन्हाला बसले होते. पायांशी वाफ्यातली कालची माती लागलेली खुरपी पडली होती.

"कोण? खडूवाली?"

"हो, आबा."

"आज काय आणलंस? खिमट?"

"काही आणलं नाही," केतकी म्हणाली. "मागायला आले. आमच्या पोरीला गाजरं फार आवडली. अजून हवीत तिला. आमच्याकडे मेथी जास्त आहे, पावट्याचा वेल भरलाय, आणि दादाची गाडी आहे. तुम्हाला काय हवंय ते मला माहीत नाही."

आबांनी डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलं. "माहीत नाही?"

"नाही."

 आबांनी खुरपी उचलून बाजूला ठेवत पायरीवर जागा केली. "वाफ्याच्या बांधावर एक दगड सरकलाय. माझ्यानं हलत नाही. आणि गाजराचं म्हणशील तर ते असं उभ्या उभ्या ठरत नसतं. तुझी पोरगी सुद्धा माझं डोकं खाल्ल्याशिवाय घेत नाही. घाई असेल तर जा."

घरी चूल पेटायची होती. मुलं उठली असतील. केतकीनं एकदा घराच्या दिशेनं बघितलं, आणि तिनं ठरवलं. ती आबांच्या शेजारी पायरीवर बसली.

तात्पर्य इतकंच: दुसऱ्याला काय हवंय हे आपण परस्पर ठरवलं, तर त्याच्या टोपलीत भाजी पडते पण त्याचा मान जातो, म्हणून द्यायला जाण्याआधी त्याच्याशेजारी बसावं आणि त्यालाच विचारावं.